एकाच फाइलमध्ये चार निदानं: ऑटिझमची जुनी नावं वाचायची कशी?

तळटीप

विशेष मुलांच्या जुन्या फाइल्स वाचणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. २००४ च्या कागदावर 'पीडीडी-एनओएस' (विकासाचा व्यापक बिघाड, पण ठरावीक प्रकारात न बसणारा), २०१० च्या कागदावर 'अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम', २०१५ ला 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १' आणि दिव्यांग प्रमाणपत्रावर नुसतं 'ऑटिझम, ५०%'. मूल तेच. मग आईवडील विचारतात, यातलं खरं कोणतं? आधीचे डॉक्टर चुकले होते का?

माझं मत असं की बहुतेक वेळा कुणीच चुकलेलं नसतं. दोन कागदांच्या मधल्या काळात निकषांचं पुस्तक बदललेलं असतं. निदानाचं नाव एकटं वाचलं तर काहीच कळत नाही; कागदाची तारीख आणि डॉक्टरांनी वापरलेली नियमावली यांच्यासोबत वाचलं तरच अर्थ लागतो.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएमपुरतं (मनोविकारांच्या निदानाची त्यांची नियमावली) थोडक्यात सांगतो. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत 'इन्फंटाइल ऑटिझम' हे स्वतंत्र निदान प्रथमच आलं, आणि लक्षणं ३० महिन्यांच्या आत सुरू झालेली असावीत अशी अट होती. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत नाव 'ऑटिस्टिक डिसऑर्डर' झालं, १६ निकषांपैकी ८ लागायचे. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत १२ पैकी ६, वयाची अट ३ वर्षं, आणि त्याच छत्राखाली पाच नावं: ऑटिस्टिक डिसऑर्डर, अ‍ॅस्पर्जर, रेट, चाइल्डहूड डिसइंटिग्रेटिव्ह डिसऑर्डर (आलेली कौशल्यं नंतर जाणं) आणि उरलेल्यांसाठी पीडीडी-एनओएस. मे २०१३ च्या डीएसएम-५ ने रेट वगळून बाकी सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' या एका नावात घेतलं. ३ वर्षांची अट जाऊन 'विकासाच्या सुरुवातीच्या काळात' असे शब्द आले. प्रौढपणी पहिल्यांदा निदान होणाऱ्यांची वाट त्याने बरीच मोकळी झाली.

दवाखाना, विशेष शाळा, कायदा, परदेशातली व्यवस्था यांतलं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी भर घालावी. आणि २०१३ चं एकत्रीकरण योग्य होतं की नाही, यावरही बोलू.

रानजाई

उत्तम धागा. १९८० च्या आधीचंही सांगायला हवं, कारण आज साठीच्या आसपास असलेल्या माणसांच्या फाइल्स त्या काळातल्या आहेत.

'ऑटिझम' हा शब्द १९११ च्या सुमारास स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी वापरात आणला, तो स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण म्हणून. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरहून ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा शब्द तोच ठेवला, आशय मात्र वेगळा होता. तरीही १९५२ च्या पहिल्या डीएसएममध्ये या मुलांना 'स्किझोफ्रेनिक रिअ‍ॅक्शन, चाइल्डहूड टाइप' हाच रकाना होता आणि १९६८ च्या दुसऱ्यातही 'स्किझोफ्रेनिया, चाइल्डहूड टाइप'. म्हणजे कॅनरनंतर ३७ वर्षं अधिकृत पुस्तकात ऑटिझमला स्वतःची जागा नव्हती.

दोन्ही वेगळे आहेत हे ठसठशीत दाखवलं ते १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या इस्राएल कोल्विन आणि सहकाऱ्यांनी. फार लहानपणी सुरुवात झालेला एक गट आणि नंतर, शाळेच्या वयात सुरुवात झालेला दुसरा. भास आणि भ्रम दुसऱ्या गटात. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७८ मध्ये जे निकष मांडले त्यांच्यावर १९८० ची व्याख्या बरीचशी उभी आहे.

व्यवहारात याचा उपयोग: जुन्या कागदावर 'बालपणातील स्किझोफ्रेनिया' दिसलं, तर तीन गोष्टी शोधा. वेगळेपण कोणत्या वयात जाणवलं? भास किंवा भ्रमाची एकही ठोस नोंद आहे का? आणि मधल्या काळात सरळ बिघाड-सुधारणेचे झटके होते, की लहानपणापासून स्वभाव एकसारखाच आहे? पहिल्याचं उत्तर 'तीनच्या आत' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, तर नव्याने मूल्यमापन करून घ्यायला भक्कम कारण आहे. मात्र वर्षानुवर्षं चाललेली अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरची) औषधं घरच्या घरी थांबवू नका. एकदम बंद केल्याने झोप उडते, अस्वस्थता वाढते, अनैच्छिक हालचाली उफाळतात, आणि मग 'बघा, आजार होताच' असा उलटा निष्कर्ष निघतो. मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवायची असते.

सह्यवारा

कॅनरच्या आधी एक नाव घ्यायलाच हवं. ग्रुन्या सुखारेवा, मॉस्कोतल्या बालमनोविकारतज्ज्ञ. १९२५ मध्ये रशियनमध्ये आणि १९२६ मध्ये जर्मनमध्ये त्यांनी सहा मुलग्यांचं वर्णन छापलं. नाव दिलं होतं 'स्किझॉइड सायकोपॅथी'. त्या वर्णनात एकसुरी बोलणं, ठरावीक गोष्टींत गढून जाणं, हालचालींतला अवघडलेपणा आणि आवाज-वासांबद्दलची तीव्र संवेदनशीलता आहे. सुला वुल्फ यांनी १९९६ मध्ये इंग्रजी भाषांतर करेपर्यंत हे पाश्चात्त्य वाचकांच्या नजरेआडच राहिलं.

यातली संवेदनशीलता महत्त्वाची. मिक्सरच्या आवाजाने कान झाकणं, कपड्याच्या लेबलने हैराण होणं, हे डीएसएमच्या निकषांत यायला २०१३ उजाडावं लागलं. त्याआधीच्या रिपोर्टमध्ये ते नसेल तर मुलात ते नव्हतं असं समजू नका. त्याला रकानाच नव्हता.

वाडीकर

अ‍ॅस्पर्जर हे नाव त्यांच्या नाझी काळातल्या कामामुळे काढलं ना?

तळटीप

@वाडीकर, नाही, क्रम उलटा आहे. डीएसएम-५ २०१३ चं. इतिहासकार हेर्विग चेक यांचं व्हिएन्नातल्या कागदपत्रांवर आधारलेलं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. अ‍ॅस्पर्जर (ज्यांचं नाव या निदानाला होतं ते व्हिएन्नातले डॉक्टर) यांनी किमान दोन मुलींना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेकडे पाठवल्याचं त्यातून पुढे आलं, आणि त्या ठिकाणी अपंग मुलांची हत्या होत होती. आज अनेकजण ते नाव वापरायचं टाळतात त्याचं हे कारण आहे आणि ते रास्त आहे. पण नियमावलीतून नाव गेलं ते वेगळ्या कारणाने.

रानजाई

ते वेगळं कारण लिहिते.

डीएसएम-४ मध्ये अ‍ॅस्पर्जरच्या अटी अशा होत्या: दोन वर्षांपर्यंत सुटे शब्द, तीनपर्यंत संवादासाठी वाक्यांश आलेले असावेत, आकलनात लक्षणीय मागेपणा नसावा. आणि वर प्राधान्याचा नियम: मूल ऑटिस्टिक डिसऑर्डरच्या निकषांत बसत असेल तर अ‍ॅस्पर्जर द्यायचं नाही. आता चांगलं बोलणाऱ्या मुलालाही संभाषण सुरू ठेवता येत नाही, हा संवादाचा एक निकष सहज पूर्ण होतो. सामाजिक बाजूचे दोन-तीन आणि वर्तनाचे एक-दोन असले की सहा भरले. म्हणजे नियम काटेकोर पाळला तर अ‍ॅस्पर्जर हे निदान जवळपास कुणालाच देता येत नव्हतं. प्रत्यक्षात ते सर्रास दिलं जायचं, कारण प्रत्येक केंद्र आपापल्या पद्धतीने ठरवत होतं.

२०१२ मध्ये कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १२ विद्यापीठ केंद्रांची माहिती तपासली. सगळीकडे चाचण्या त्याच, प्रशिक्षण तेच. तरीही मुलाला ऑटिस्टिक डिसऑर्डर, अ‍ॅस्पर्जर की पीडीडी-एनओएस म्हटलं जाईल हे सर्वांत जास्त अवलंबून होतं ते मूल कोणत्या केंद्रात गेलं यावर. 'स्पेक्ट्रमवर आहे की नाही' यावर एकमत चांगलं होतं. आतल्या भिंती मात्र टिकत नव्हत्या.

पीडीडी-एनओएसचा तर वेगळाच घोटाळा. १९९४ च्या मजकुरात 'आणि' हवं तिथे 'किंवा' पडलं, त्यामुळे सामाजिक देवाणघेवाणीत काहीच अडचण नसलेलं मूलही शब्दशः त्यात बसू शकायचं. ते २००० च्या सुधारित आवृत्तीत दुरुस्त झालं. म्हणून १९९४ ते २००० मधला पीडीडी-एनओएस कागद वाचताना खालचं वर्णन वाचाच. नुसतं शीर्षक पुरत नाही.

माधवी_के

एकत्रीकरणाशी मी सहमत नाही, निदान ते जसं राबवलं गेलं त्याच्याशी.

'अ‍ॅस्पर्जर' वाचलं की शिक्षकाला किमान एवढं कळायचं की भाषा वेळेवर आली आहे आणि बुद्धिमत्तेत मागेपणा नाही. 'एएसडी' (ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर) वाचून काय कळतं? डीएसएम-५ म्हणतं की ही माहिती जोडनोंदींत लिहा: बौद्धिक अक्षमता आहे की नाही, भाषेची अडचण आहे की नाही, कोणता ज्ञात वैद्यकीय वा जनुकीय आजार सोबत आहे का, कॅटाटोनिया (हालचाली गोठल्यासारख्या होणं) आहे का. कागदोपत्री उत्तम योजना. पण रिपोर्टांमध्ये जोडनोंदी गाळलेल्या असतात आणि 'एएसडी, लेव्हल २' एवढ्यावर काम भागवलेलं असतं. नावातली माहिती काढून घेतली आणि तिची पर्यायी जागा रिकामी ठेवली, हे नुकसानच आहे.

पेनपेन्सिल

माधवीताईंना +१. आणि लेव्हलबद्दल तर वेगळं बोलायला हवं.

लेव्हल एक नसते, दोन असतात. सामाजिक संवाद हा 'ए' भाग आणि ठरावीक-पुनरावृत्तीचं वर्तन हा 'बी' भाग, दोन्हींना स्वतंत्र लेव्हल द्यायची. एखाद्या मुलाची 'ए' साठी १ आणि 'बी' साठी ३ असू शकते: बोलतो छान, पण बसचा मार्ग बदलला की दिवस वाया. दोन्हींची सरासरी काढून 'लेव्हल २' लिहिलं तर ना भाषेची मदत नीट ठरते ना दिनक्रमाची. लेव्हल सांगते की त्या वेळी, त्या परिस्थितीत किती आधार लागतो. ती बदलू शकते. आणि सेवा मिळाव्यात की नाही हे लेव्हलवरून ठरवू नये, असं डीएसएम-५ मध्येच लिहिलं आहे.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. इथल्या मराठी पालकांचा गोंधळ होतो तो शाळा आणि दवाखाना यांच्या दोन वेगळ्या वर्गवाऱ्यांमुळे. शाळेची वर्गवारी 'आयडिया' या संघराज्य कायद्यानुसार चालते; त्यात 'ऑटिझम' हा स्वतंत्र प्रवर्ग १९९० मध्ये आला. दवाखान्याचं निदान डीएसएमनुसार. एक असलं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही, शाळा स्वतःचं मूल्यमापन करते.

कोडचं तिसरंच. विम्याचं बिल आयसीडी-१०-सीएम (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अमेरिकी आवृत्ती) कोडवर जातं. त्यात एफ८४.५ म्हणजे अ‍ॅस्पर्जर अजूनही छापलेला आहे, पण डीएसएम-५ नुसार निदान केलं की कोड येतो एफ८४.०. भारतातून येताना 'एफ८४.५' असलेला जुना रिपोर्ट आणत असाल तर सोबत डीएसएम-५ च्या भाषेतलं पत्र घेऊन या. जुनं, नीट प्रस्थापित ऑटिस्टिक डिसऑर्डर, अ‍ॅस्पर्जर किंवा पीडीडी-एनओएस निदान असलेल्या व्यक्तीला एएसडीचं निदान द्यावं, अशी स्पष्ट टीप डीएसएम-५ मध्ये आहे. डॉक्टरांना ती दाखवता येते.

धागेदोरे

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत बरीच वर्षं आयसीडी-१० चे कोड दिसतात म्हणून हे: एफ८४.० चाइल्डहूड ऑटिझम, एफ८४.१ अटिपिकल, एफ८४.२ रेट, एफ८४.३ डिसइंटिग्रेटिव्ह, एफ८४.५ अ‍ॅस्पर्जर, एफ८४.९ अनिर्देशित.

जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू. त्यात सगळ्यासाठी ६ए०२. पण, माधवीताई, तुमचा आक्षेप इथे बराचसा सुटतो, कारण बुद्धी आणि भाषा कोडमध्येच घातली आहे. ६ए०२.० म्हणजे बौद्धिक अक्षमता नाही आणि व्यवहारातली भाषा जवळपास ठीक. ६ए०२.१ बौद्धिक अक्षमता आहे, भाषा जवळपास ठीक. ६ए०२.२ बौद्धिक अक्षमता नाही पण भाषा अडलेली. ६ए०२.३ दोन्ही आहेत. ६ए०२.५ बौद्धिक अक्षमता आहे आणि भाषा जवळजवळ नाहीच. जुना एफ८४.५ साधारणपणे ६ए०२.० मध्ये जातो. डॉक्टरांना एवढंच विचारा की नुसतं ६ए०२ न लिहिता पुढचा आकडाही लिहा.

माधवी_के

@धागेदोरे, हे मान्य. पुढचा आकडा लिहिला गेला तर माझी निम्मी तक्रार मिटते.

वाडीकर

नावं पाठ करता करता आता कोडही आले! पण कामाचं विचारतो. लेव्हल १ म्हणजे सौम्य म्हणजे ४०% असं धरायचं का?

पेनपेन्सिल

@वाडीकर, अजिबात नाही. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सविस्तर.

प्रमाणपत्राची टक्केवारी येते 'इसा' वरून, म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली. एकूण ४० बाबी, सहा विभागांत: सामाजिक नातं ९, भावनिक प्रतिसाद ५, भाषा-संवाद ९, वर्तन ७, संवेदना ६, आकलन ४. प्रत्येक बाबीला वारंवारतेनुसार १ ते ५ गुण. १ म्हणजे २०% पर्यंत वेळा, ५ म्हणजे ८०% पेक्षा जास्त वेळा. म्हणजे सगळीकडे १ मिळाला तरी बेरीज ४० होते. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या वर तीव्र.

टक्केवारीचा तक्ता आणखी वेगळा: ७० ला ४०%, ७१ ते ८८ ला ५०%, ८९ ते १०५ ला ६०%, १०६ ते १२३ ला ७०%, १२४ ते १४० ला ८०%, १४१ ते १५८ ला ९०%, पुढे १००%. म्हणजे ९० गुणांचं मूल 'सौम्य' पण ६०%. आणि डीएसएमची लेव्हल यात कुठेच नाही.

चुकतं कुठे? पहिलं, पालक मुलाच्या चांगल्या दिवसाचं वर्णन करतात. प्रश्न 'करू शकतो का' असा नसून 'किती वेळा असं होतं' असा आहे. दुसरं, शाळेतलं निरीक्षण जोडलेलं नसतं. घरी सगळं ठरलेलं असल्याने तिथे अडचण कमी दिसते. तिसरं आणि मोठं: भाषेच्या ९ बाबींत शब्दांचे प्रतिध्वनी, बाळासारखे चीत्कार, सर्वनामांची उलटापालट अशा बाबी आहेत. १६ वर्षांच्या, अस्खलित बोलणाऱ्या मुलाला तिथे १-१ मिळणार. त्याची खरी अडचण गर्भितार्थ न कळणं, संभाषण न टिकणं, आणि ती एक-दोन बाबींतच मोजली जाते. बेरीज ६८ वर अडकते. डीएसएम-५ नुसार निदान पक्कं, आणि प्रमाणपत्र नाही. म्हणून जाताना शिक्षकांचं लेखी निरीक्षण न्या, ठोस उदाहरणं आणि वारंवारता लिहून.

प्रमाणपत्रासाठीच्या मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये सुधारल्या आहेत, तेव्हा केंद्रावर सध्याचा नमुनाच मागा.

धागेदोरे

पेनपेन्सिल यांच्या प्रतिसादाला जोडून इतर आकडे. फाइलमध्ये 'कार्स ३४' दिसलं तर ती वेगळी चाचणी: १५ बाबी, १५ ते ६० गुण, ३० पासून पुढे ऑटिझम, ३७ पासून तीव्र. ३४ ला इसाच्या तक्त्यात शोधू नका. 'एसक्यू ६२' म्हणजे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, आपल्याकडे बहुधा मालिन यांचं नागपूर रूपांतर. तो सामाजिक भागांक, बुद्ध्यांक नव्हे. ऑटिझममध्ये बुद्धी चांगली असूनही एसक्यू खाली येतो, आणि तेवढ्यावरून 'बौद्धिक अक्षमता' लिहिलं गेलं तर मूल चुकीच्या वर्गात जातं.

आणि २००० च्या दशकातल्या 'मतिमंदत्व' प्रमाणपत्रांबद्दल. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो होता, पण नोकरी-शिक्षणाच्या सवलती १९९५ च्या कायद्याला जोडलेल्या. त्यामुळे अनेक ऑटिस्टिक मुलांना 'मेंटल रिटार्डेशन' याच मथळ्याखाली प्रमाणपत्र मिळालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार केले, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुनं प्रमाणपत्र असलेल्यांनी यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं राष्ट्रीय ओळखपत्र) नव्याने मूल्यमापन मागावं. दोन्ही खरोखर असतील तर 'बहुविकलांगता' लावून टक्केवारी एकत्र होते. साधी बेरीज होत नाही. मोठा आकडा अ, लहान ब: अ अधिक, ब गुणिले (९० वजा अ) भागिले ९०. ऑटिझम ६० आणि बौद्धिक ५० असेल तर ६० + १६.६७, म्हणजे ७७%.

उपयोग कशाला? ४०% पासून सवलतींचा उंबरठा. १९६१ च्या आयकर कायद्यात, जुन्या करपद्धतीत, कलम ८०डीडी खाली ७५,००० रुपये वजावट होती, ८०% पासून १,२५,०००. ऑटिझमसाठी त्यात फॉर्म १०-आयए लागे. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना वर्षाला १ लाखापर्यंत. लेखी परीक्षेत भरपाईचा वेळ तासाला किमान २० मिनिटं. आणि १८ पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती.

उनाडवाट

थोडं अवांतर. नावं इतकी रुंद केली म्हणूनच ऑटिझम 'वाढला' ना? आमच्या लहानपणी कुठे होता?

सह्यवारा

@उनाडवाट, अवांतर नाही, धाग्याच्या मधोमधच आहे.

अमेरिकेत ८ वर्षांच्या मुलांमध्ये २००० साली १५० त १ आणि २०२२ साली ३१ त १ असा आकडा आहे. यातला किती भाग नोंदीतल्या बदलांचा, हे डेन्मार्कमध्ये मोजता आलं, कारण तिथे राष्ट्रीय नोंदवही आहे. १९९४ मध्ये निकष बदलले आणि १९९५ पासून बाह्यरुग्णांचीही नोंद सुरू झाली. १९८० ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात वाढीपैकी ६०% वाढ या दोन बदलांनी समजली. म्हणजे बराच मोठा भाग, पण सगळा नाही.

आणि 'कुठे होता' याचं उत्तर वरच आहे: मतिमंदत्वाच्या प्रमाणपत्रात, स्किझोफ्रेनियाच्या फाइलमध्ये आणि वर्गात मागच्या बाकावर 'विचित्र' म्हणून. शिवाय २०१३ पर्यंत डीएसएममध्ये ऑटिझम असताना एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) हे निदान देता येत नव्हतं. दोन्ही असलेल्या मुलाला डॉक्टरांना एकच नाव निवडावं लागे. तेव्हा जुन्या फाइलमध्ये फक्त 'एडीएचडी' असेल आणि औषधाने लक्ष सुधारूनही मैत्री, बदल, आवाज यांची अडचण तशीच राहिली असेल, तर पुन्हा पाहून घ्या.

वाडीकर

व्हॉट्सअ‍ॅपवर 'व्हर्च्युअल ऑटिझम' फिरतं आहे. ते कुठल्या कोडमध्ये?

रानजाई

@वाडीकर, कुठल्याच नाही. ना डीएसएममध्ये, ना आयसीडीमध्ये. फार लहान मुलांचा स्क्रीनचा वेळ कमी करावाच, त्याबद्दल दुमत नाही. पण या नावाने धोका असा होतो की 'मोबाइल काढून घ्या, सहा महिन्यांनी बघू' म्हणत मूल्यमापन पुढे ढकललं जातं. दोन्ही एकदम करा: स्क्रीन कमी, आणि त्याच आठवड्यात श्रवणचाचणी व विकासतपासणीची वेळ घ्या. श्रवणचाचणी आधी, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला ओ देत नाही.

आणखी एक, कारण यात उशीर परवडत नाही. येत असलेली कौशल्यं गेली असतील तर नावाच्या वादात पडू नका. मुलीने ६ ते १८ महिन्यांच्या आसपास हातांचा हेतुपूर्वक वापर सोडला, हात पिळण्यासारख्या हालचाली सुरू झाल्या, डोक्याच्या वाढीचा वेग मंदावला, तर रेटसाठी एमईसीपी२ जनुकाची चाचणी. हे जनुक १९९९ मध्ये सापडलं, आणि म्हणूनच रेट आता ऑटिझमच्या यादीत नाही; आयसीडी-११ मध्ये त्याचा कोड एलडी९०.४ आहे. चांगलं बोलणाऱ्या मुलाचं बोलणं तीन वर्षांनंतर गेलं तर झोपेतला ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणी) मागा. लँडाउ-क्लेफ्नर सिंड्रोममध्ये (मेंदूतल्या विद्युत बिघाडाने बोलणं जाणं) जागेपणीचा ईईजी साधा येऊ शकतो. डीएसएम-५ ने डिसइंटिग्रेटिव्ह डिसऑर्डर एएसडीत मिसळलं त्यातला माझा आक्षेप हाच: वेगळं नाव होतं तेव्हा किमान मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी जायची.

माधवी_के

रानजाई, हे फार मोलाचं.

एकत्रीकरणाबद्दल दुसऱ्या टोकाचाही विचार व्हावा. आपण बोलणाऱ्या मुलांचं बोललो. ज्यांना चोवीस तास प्रौढ माणूस जवळ लागतो त्यांचं काय? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये 'प्रोफाउंड ऑटिझम' ही संज्ञा सुचवली, ती याच गटासाठी: स्वतःची रोजची देखभाल जमत नाही, एकटं सोडता येत नाही, बहुतेकांचा बुद्ध्यांक ५० च्या खाली किंवा भाषा अगदी थोडी. ८ वर्षांच्या आधी हा शब्द लावू नये असंही आयोग म्हणतो. अमेरिकेतल्या ८ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांमध्ये हा गट २६.७% निघाला. निदानाच्या पुस्तकात ही संज्ञा नाही. अनेक ऑटिस्टिक प्रौढांचा तिला विरोध आहे, कारण एकदा असा शिक्का बसला की त्या मुलांना शिकवणं थांबतं अशी भीती त्यांना वाटते. भीती खरी आहे. पण सगळ्यांना एकच नाव असलं की धोरणं बोलता येणाऱ्यांपुरती बनतात, हेही खरं आहे.

पेनपेन्सिल

यावर माझं मत वेगळं. नवीन नाव आलं की दहा वर्षांत त्याच्याही सीमेवरून भांडण होणार. आयसीडी-११ चा पुढचा आकडा आणि आधाराची नेमकी गरज लिहिली तर नवं नाव लागत नाही. 'जेवण भरवावं लागतं, रस्ता ओळखत नाही, रात्री तीन वेळा उठतो' हे कोणत्याही विशेषणापेक्षा समितीला जास्त सांगतं.

हडसनकाठ

एका सापळ्याची सूचना राहिली. डीएसएम-५ ने 'सोशल कम्युनिकेशन डिसऑर्डर' हे नवं निदान आणलं: 'ए' भागाची अडचण आहे, 'बी' भागाचं वर्तन कधीच नव्हतं. जुनं पीडीडी-एनओएस असलेल्या मुलांना नव्या तपासणीत हे दिलं जाऊ शकतं, कारण मोठेपणी 'बी' भाग झाकला जातो. 'बी' साठी चारपैकी दोन लागतात, पण ते आज दिसायलाच हवेत असं नाही. पूर्वी होते तरी चालतात. दोन वर्षांचा असताना पंख्याकडे तासभर बघत बसायचा, खेळण्यांच्या रांगा लावायचा, ही जुन्या रिपोर्टातली ओळ इथे निदान फिरवते.

धागेदोरे

आणि भारतात त्याचा कायदेशीर परिणाम मोठा. २१ प्रकारांत सोशल कम्युनिकेशन डिसऑर्डर नाही. 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढणं किंवा अफेझिया (मेंदूच्या इजेने भाषा जाणं) अशा सेंद्रिय वा मेंदूविषयक कारणांची. त्यात हे बसत नाही. म्हणजे नाव बदललं की हक्क जातो.

तळटीप

एवढी भर पडल्यावर मूळ प्रश्नाकडे येतो. २०१३ च्या बाबतीत इथे एकमत होणार नाही आणि तसं व्हायलाही नको. पण नवा रिपोर्ट कसा मागावा यावर सगळ्यांच्या प्रतिसादांतून माझ्यापुरतं हे जमलं.

नियमावलीचं नाव आणि आवृत्ती लिहून घ्या. २०२२ च्या डीएसएम-५-टीआरने 'ए' भागातले 'तिन्हीही' लागतात हे शब्द स्पष्ट केले आहेत, म्हणून तीनही निकषांपुढे एकेक प्रत्यक्ष उदाहरण हवं: देवाणघेवाण, हावभाव-नजर, नाती. 'बी' चे किमान दोन, प्रत्येकापुढे 'सध्या' की 'पूर्वी'. सगळ्या जोडनोंदी, 'नाही' असेल तर 'नाही' असं लिहून. लेव्हल दोन, वेगवेगळ्या. आयसीडी कोड शेवटच्या आकड्यासकट. चाचणीचं नाव, तारीख, गुण आणि ती चाचणी कोणत्या भाषेत घेतली. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीत झाली असेल तर भाषेचे गुण तेवढ्याने खाली येतात.

आणि शेवटी एक वाक्य, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह: '२००४ चे पीडीडी-एनओएस व २०१० चे अ‍ॅस्पर्जर ही निदाने आणि सध्याचे ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर हे निदान एकाच स्थितीची आहेत.' वर्षं आणि नावं आपापल्या फाइलप्रमाणे. हे वाक्य नसेल तर शाळा, विमा आणि प्रमाणपत्र केंद्र तिन्ही ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

वाडीकर

जुने मूळ कागद केंद्रावर जमा करायचे का?

धागेदोरे

@वाडीकर, नाही. मूळ कागद दाखवायचे, साक्षांकित प्रती द्यायच्या. आणि प्रत काढताना मागची बाजूही घ्या. जुन्या केसपेपरवर दोन वर्षांच्या वयातली निरीक्षणं बहुतेक वेळा मागेच पेनाने लिहिलेली असतात.